दारातली भट्टी : वऱ्हाडातल्या न्याहारीचा इतिहास

शेंदूरजनाघाटला मी आजवर चार-पाच वेळा गेलो असेन. दर वेळी कारण एकच, संत्र्याची कलमं. अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. पलीकडे मध्य प्रदेशाची हद्द. इथल्या रोपवाटिकांतली कलमं दूरदूरच्या जिल्ह्यांत जातात. पाऊस लागला की गाड्या भरू लागतात. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची तोडणी, आणि थंडी सरता सरता मृग बहाराची. म्हणजे वर्षातले बरेच महिने या गावात पहाटे अंधारात उठून वावरात जाणारी माणसं असतात आणि नऊ-दहा वाजता ती सपाटून भुकेली होतात.

ती वेळ म्हणजे इथल्या हॉटेलांची खरी वेळ. हॉटेल म्हणजे काय? टिनाचं छप्पर, चार बाकं, पाण्याचा ड्रम आणि अगदी रस्त्याला लागून, दारातच मांडलेली भट्टी. ज्या हॉटेलात मी दर वेळी जातो ते एका मुस्लिम कुटुंबाचं आहे. मालकांना सगळे चाचा म्हणतात. तोडणीवाले, नर्सरीतले मजूर, गाडीवाले, शाळेचे मास्तर, तालुक्याच्या कामाला निघालेले शेतकरी असे सगळेच इथं बसतात.

तिथं तयार काहीच येत नाही. हरभरा रात्रीच भिजत घातलेला असतो. पहाटे कांदा विस्तवावर भाजतात, सुकं खोबरं भाजतात, धणे, खसखस, दगडफूल, लाल मिरची तव्यावर परतून मग वाटण होतं. आलू उकडून, सोलून, हातानेच कुस्करतात. मैदा मळून ओल्या फडक्याखाली ठेवलेला असतो. पोहे मात्र आधी करून ठेवत नाहीत. गिऱ्हाईक बसलं की भिजवलेले पोहे कढईत पडतात. वाफ निघते न निघते तोच ते बशीत येतात, वरून हरभऱ्याची तर्री, चिरलेला कांदा, सांभार आणि लिंबाची फोड. परमुलखातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर.

मागच्या खेपेला मी चाचांना सहज विचारलं, "भट्टी दारात कशाला? आत ठेवली तर ऊन-पाऊस लागणार नाही."

चाचा झाऱ्याने समोसे उलटवत म्हणाले, "आत ठेवली तं धूर जाईन कोठी? अन् लोकायले दिसाले पायजे ना, का आपण काय टाकून राह्यलो."

उत्तर दोन वाक्यांचं होतं. धुराचं तिथंच पटलं. दुसरं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. लोकांना दिसायला पाहिजे, ही गरज कुठून आली? त्याचा माग काढताना मला आपल्या न्याहारीचा इतिहास वाचावा लागला.

*

सुरुवात शब्दापासून करू. शहरात हल्ली सकाळी उशिरा, जेवणाच्या आधी जे भरपेट खातात त्याला ब्रंच म्हणतात. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ साली एका लेखात हा शब्द पुढे आणला. शनिवारी रात्री जागलेल्यांनी रविवारी सकाळी लवकर उठून जड जेवण का करावं, त्यापेक्षा उशिरा उठून न्याहारी आणि जेवण एकत्रच उरकावं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे ब्रंच जन्मलं ते उशिरा उठणाऱ्यांच्या सोयीसाठी. आपली दहा वाजताची न्याहारी मात्र लवकर उठणाऱ्यांची. घड्याळात वेळ तीच, पण त्या वेळेआधी अंगाने काय सोसलं त्यात जमीन-अस्मानाचा फरक.

आता 'न्याहारी' हा शब्द पाहा. वऱ्हाडातला शेतकरी, ज्याच्या सात पिढ्यांत कोणी फारसीचं अक्षर वाचलं नाही, तो रोज हा शब्द उच्चारतो. हा शब्द फारसीतून आल्याचं मानलं जातं. फारसीत 'नाहार' म्हणजे सकाळपासून ज्याच्या पोटात काही गेलेलं नाही असा. त्याची ती उपाशी अवस्था मोडणारं खाणं ते नहारी. काहींना या शब्दात संस्कृतमधला 'आहार' किंवा 'निराहार' ऐकू येतो. दोन्ही भाषा जुन्या नात्यातल्या असल्याने असे आवाज एकमेकांत ऐकू येणारच. 'नाश्ता' हाही फारसीच, आणि त्याचाही मूळ अर्थ खाणं असा नाही. नाश्ता म्हणजे न खाल्लेला, उपाशी. भुकेचं नाव हळूहळू अन्नाला चिकटलं.

गंमत अशी की जगात बऱ्याच ठिकाणी हेच झालं. इंग्रजी ब्रेकफास्टचा अर्थ उपास मोडणं. अरबीत सकाळच्या खाण्याला 'फुतूर' म्हणतात. रोजा सोडण्याला आपण इफ्तार म्हणतो तो याच धातूतला शब्द. रात्रभराचा उपास आणि तो मोडणारा पहिला घास, हा अनुभव सगळ्या माणसांचा एक. म्हणून शब्दांची घडणही एकसारखी.

आणि मग दिल्ली-लखनऊची ती प्रसिद्ध नहारी. रात्रभर मंद आचेवर शिजलेली नळी, सकाळी खमीरी रोटीसोबत. ती दिल्लीची की लखनऊची यावर त्या दोन शहरांचं अजून एकमत झालेलं नाही. तिचं नाव अरबी 'नहार' म्हणजे दिवस यावरून पडलं असं सांगतात. मुंबईत भेंडी बाजारच्या नूर मोहम्मदी हॉटेलात १९२३ पासून लोक ती खाताहेत. नवाबी म्हणून तिचा कितीही डौल मिरवला तरी तिला जिवंत ठेवलं ते पहाटे कामावर निघणाऱ्या कष्टकऱ्यांनी. एकदा खाल्लं की दुपार निभावते, हा तिचा मोठा गुण. शेंदूरजन्याच्या तर्री-पोह्याचा गुणही तोच.

*

फारसी शब्द वऱ्हाडच्या वावरापर्यंत पोहोचला कसा? त्यासाठी इथल्या राज्यांचा क्रम लक्षात घ्यावा लागतो.

बहामनी सल्तनत मोडकळीला आली तेव्हा १४९० च्या सुमारास वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली. राजधानी अचलपूर, तेव्हाचं एलिचपूर. जवळच गाविलगडासारखा बळकट किल्ला. या घराण्याचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा जन्माने कानडी मुलखातल्या हिंदू घरातला. विजयनगरशी झालेल्या लढाईत लहानपणी कैद होऊन तो वऱ्हाडात आला आणि इथंच वाढला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड घेतलं, १५९६ मध्ये ते मुघलांकडे गेलं. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचा अंमल सुरू झाला. सोबत नागपूरकर भोसल्यांचा महसुलात वाटा होता. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला.

म्हणजे साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ इथल्या दफ्तराची भाषा फारसी किंवा फारसीमिश्रित मराठी होती. तालुका, जिल्हा, कसबा, महसूल, वसूल, हिशेब हे शब्द त्या वाटेने आले हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच वाटेने चुलीवर काय आलं ते कुणी शिकवत नाही. तवा, चमचा, रकाबी, प्याला, मसाला, शिरा, हलवा, सरबत. ही भांडी आणि हे पदार्थ कोणत्या भाषेतून आले याचा विचार करत आपण स्वयंपाक करत नाही, आणि करूही नये. शब्द अंगवळणी पडला की तो आपलाच.

चाचांच्या बशीत तर हा इतिहास वाढूनच ठेवलेला असतो. पोहे हा शब्द संस्कृत 'पृथुक'पासून आला. सुदाम्याने कृष्णासाठी नेले ते हेच. त्यावर पडते ती तर्री. फारसीत 'तर' म्हणजे ओलं, 'तरी' म्हणजे ओलावा. उर्दूत रश्शाला आणि त्यावरच्या तेलाच्या तवंगाला तरी म्हणतात. आपण वऱ्हाड्यांनी तिला आपल्या तिखट स्वभावाप्रमाणे जोर देऊन तर्री केलं. तर्री-पोहे म्हणजे संस्कृत आणि फारसी एका बशीत. खाणाऱ्याला फक्त घाम पुसायचा असतो.

शेजारी समोसा असतो. अमीर खुसरोने त्याचा उल्लेख केला आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मुहम्मद तुघलकाच्या दरबारात तो खाल्ला, तेव्हा त्यात खिमा, बदाम, पिस्ते होते. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांच्या यादीत तो आहे. पण या सगळ्या समोशांत आलू नव्हता, मिरचीही नव्हती. दोन्ही अमेरिका खंडातली. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर भारतात आली. आलू आपल्या इकडे घराघरात रुळला तो पार एकोणिसाव्या शतकात. म्हणजे जो समोसा आज सर्वांना 'अस्सल आपला' वाटतो, तो मध्य आशियाचा आकार आणि अमेरिकेचं सारण घेऊन वऱ्हाडी कढईत तळला जातो.

त्याच 'आईन'मध्ये खिचडीचं प्रमाण दिलं आहे. तांदूळ, मूगडाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर. तूप डाळीच्या बरोबरीने! बादशहाची खिचडी ती. मुद्दा असा की बादशाही मुदपाकखान्यातही बिनमांसाच्या पदार्थांचा एक वेगळा वर्ग होता, 'सूफियाना' नावाचा. मुसलमानाच्या स्वयंपाकघरात फक्त मांसच शिजतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ती यादी जरूर वाचावी. चाचांच्या हॉटेलात सकाळी मांस शिजतच नाही. पोहे, आलुबोंडा, समोसा, कचोरी, जिलबी आणि चहा. अनेक गावांत मुस्लिमांची सकाळची हॉटेलं अशीच असतात.

गावातल्या रोपवाटिकेत जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळ जंभेरीचं, वरचं झाड संत्र्याचं. जंभेरी चिवट, जमिनीत घट्ट रुजणारी, आणि संत्रा गोड. त्याला आपण कलम म्हणतो, तोही शब्द अरबी-फारसी. या गावाला कलमाचं गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही. झाड जगलं आणि फळ गोड आलं की पुरे, मूळ कुणाचं म्हणून कोणी झाड उपटत नाही.

*

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता, पण खोटा झाला असता. बशीत इतिहास एकत्र आला म्हणजे बशीभोवती माणसं एकत्र आली असं होत नाही. आपल्या समाजाने जे पदार्थ सहज स्वीकारले, ते करणारे हात तितक्या सहज स्वीकारले नाहीत.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. तिथं चहा-बिस्किटं पुढे आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक असे मोठमोठे लोक हजर होते. हा कार्यक्रम घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोशींनी पुढे हजर लोकांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. त्यावरून पुण्यात मोठं ग्रामण्य झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तांवरून काही वर्षं वाद चालला. एक कप चहा! पण प्रश्न चहाचा नव्हता. प्रश्न होता तो कुणाच्या हातून आला याचा.

रेल्वे आली तशी हीच शंका फलाटावर आली. इंग्रजांच्या काळात स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं मिळायचं. चहावालेही तसेच ओरडायचे. डबा एकच, इंजिन एकच, पाणी दोन. शहरांत 'ब्राह्मणांसाठी' असं लिहिलेल्या खानावळींच्या पाट्या होत्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तर हॉटेलात शिरणंच मुश्कील होतं. कुठं चहा मिळालाच तर बाहेर, वेगळ्या कपात, आणि तो कप आपणच विसळून ठेवायचा.

याला उत्तर देणारी माणसंही महाराष्ट्रातच झाली. कोल्हापूरची गोष्ट सर्वांना माहीत असायला हवी. राजवाड्याच्या नोकरीतल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार बसला. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी 'सत्यसुधारक हॉटेल' काढलं. सुरुवातीला तिथं सवर्ण गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. एका गल्लीतल्या छोट्या हॉटेलाने केलेली ही क्रांती होती. समोर बसून, सर्वांच्या देखत एक कप चहा पिणं, एवढंच राजाने केलं.

आमच्या अमरावतीतही १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली. त्यासाठीच्या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्याच वर्षी महाडचं चवदार तळं पेटलं होतं. पुढे बाबासाहेबांनी संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख केला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथं कुणालाही अटकाव करता येणार नाही. देशाच्या मूलभूत हक्कांत हॉटेलाचं नाव यावं, हे ज्यांना विचित्र वाटतं त्यांनी बाहेर उभं राहून चहा कधी प्यायलेला नसतो.

आणि आपण मुस्लिमांनीही स्वतःला या हिशेबातून वगळू नये. एका ताटात जेवण्याची सुन्नत आपण अभिमानाने सांगतो. मस्जिदीत एका सफेत उभे राहतो. पण बिरादरीच्या पंगतीत कोण कुणाकडे जेवतो, सफाईचं काम करणाऱ्या घरातला चहा कोण नाकारतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. दुसऱ्याच्या कढईबद्दल हलाल-हरामच्या शंका बोलून दाखवणारे आपल्यातही आहेत. हाताबद्दलचा संशय कोण्या एका धर्माची मालमत्ता नाही.

*

आता चाचांच्या दुसऱ्या वाक्याकडे परत येऊ. लोकांना दिसायला पाहिजे.

ज्या समाजात दुसऱ्याच्या हातच्या अन्नाबद्दल इतका संशय मुरलेला होता, तिथं छोट्या गावातल्या गरीब हॉटेलवाल्यापुढे मार्ग काय होता? त्याच्यामागे राजा नव्हता. कायदा कागदावर होता. त्याच्या हातात एकच उपाय होता, सगळं समोर करायचं. कणीक समोर मळायची, तेलाचा पिपा समोर उघडायचा, मसाला समोर वाटायचा, तळणही समोर. जे आहे ते डोळ्यांनी बघा आणि मग खा.

भट्टी दारात येण्यामागे व्यवहाराची कारणंही होती. धुरांडं बांधायला पैसा नव्हता. तळणाचा वास रस्त्यावर गेला की गिऱ्हाईक आपोआप वळतं. कडक उन्हाळ्यात टिनाखाली भट्टी पेटवली तर आत बसणं अशक्य. हे सगळं खरं. पण या सोयींतून जे साधलं ते मोठं होतं. सगळं पहिल्यापासून, ताजं आणि देखत करणं ही नुसती चवीची बाब उरली नाही, ती भरवशाची बाब झाली. पाकिटात बंद होऊन आलेल्या वस्तूवर कंपनीचं नाव असतं. दारातल्या कढईवर कुणाचंच नाव नसतं, आणि तरी ती काही लपवत नाही.

मी तिथं बसून पाहिलं आहे. गळ्यात तुळशीमाळ घातलेले एक आजोबा बाकावर टेकले आणि म्हणाले, "चाचा, तर्री जराशीक कमी टाकजा, पोटाले झेपत नाही." चाचांनी तर्री कमी टाकली आणि न विचारता दोन जिलब्या जास्त ठेवल्या. दोघांनाही यात विशेष काही वाटलं नाही. माझ्यासारखा लिहिणारा माणूसच तेवढा यात सलोखा शोधत बसतो. त्यांच्यासाठी ती नेहमीची सकाळ होती.

हे मी आज लिहितोय त्याला कारण आहे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरच्या हॉटेलांना, ढाब्यांना, फळगाड्यांना मालकांची नावं ठळक लावायला सांगण्यात आलं. कारण सांगितलं गेलं यात्रेकरूंच्या शंकेचं आणि शांतता-सुव्यवस्थेचं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचं आहे, शाकाहारी की मांसाहारी, हे सांगायला लावता येईल, मालकाचं किंवा कामगाराचं नाव लावायची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच सुनावणीत न्यायमूर्ती भट्टी यांनी केरळमधला आपला अनुभव सांगितला. तिथल्या शहरात दोन शाकाहारी हॉटेलं होती, एक हिंदू मालकाचं आणि एक मुस्लिम मालकाचं. ते मुस्लिम मालकाच्या हॉटेलात जात, कारण तिथली स्वच्छता उत्तम होती.

त्या दिवशीच्या बातम्यांत मला हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटली. न्यायमूर्तींनी पाहिलं ते स्वयंपाकघर. आदेश काढणाऱ्यांना पाहायचं होतं ते नाव.

गिऱ्हाईकाला काय खातोय हे कळण्याचा हक्क आहेच, आणि मी त्या हक्काच्या बाजूचा आहे. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा आहे, परवाना किंवा नोंदणी दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, तक्रार कुठं करायची तेही ठरलेलं आहे. तेल जुनं आहे का, पाणी कुठलं, कढई वेगळी आहे का, हे विचारा. हॉटेलवाल्याने त्याचं उत्तर द्यायलाच हवं, मग तो कुणीही असो. पण नावावरून यातलं काहीच कळत नाही. नावावरून एवढंच कळतं की कुणाकडे जायचं नाही. पंचहौदच्या वेळी चहा पिणाऱ्यांची नावं छापली होती, आता चहा करणाऱ्यांची छापायची म्हणतात. एकशे चौतीस वर्षांत आपण फक्त टेबलाची बाजू बदलली.

त्या बातम्यांनंतर आपल्या इकडेही मोबाईलवर काय काय फिरलं ते वाचकांना माहीत आहे. कुणाकडून भाजी घ्यायची, कुणाकडून फळं घ्यायची याच्या याद्या. संत्र्याच्या धंद्यात पिढ्यानपिढ्या बागवान मंडळी आहेत. बाग एकाची, तोडणी दुसऱ्याची, गाडी तिसऱ्याची, अडत चौथ्याची. या साखळीतलं कुणाचं नाव वगळून संत्रं बाजारात कसं जाईल, हे याद्या करणाऱ्यांनी शेंदूरजन्यात येऊन एकदा पाहावं.

*

एक काळजी मात्र आतल्या बाजूचीही आहे. दारातली भट्टी हळूहळू कमी होते आहे. लाकडाच्या जागी गॅस आला, ते चांगलंच झालं. धुराने चाचांच्या पिढीचे डोळे आणि फुप्फुसं गेली. पण गॅसबरोबर भट्टी आत जाते आहे. तर्रीचा मसाला तयार पाकिटात मिळतो, समोसे तळायला तयार गोठवलेले मिळतात. पहाटे तीनला उठून कांदा भाजायला पोरं तयार नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? या धंद्यात मेहनत डोंगराएवढी आणि बरकत मुठीएवढी. चाचांचा मुलगा नागपूरला शिकतो. त्याने हे हॉटेल चालवावं असं मी म्हणणार नाही.

पण एवढं नक्की म्हणेन. भट्टी आत गेली की मधे भिंत येते. भिंत आली की पलीकडे काय चाललंय याच्या अफवा सुरू होतात. आपल्या लोकांनी जिथं जिथं हा धंदा चालू ठेवला आहे, तिथं काच लावा, खिडकी ठेवा, काहीही करा, पण कढई गिऱ्हाईकाच्या नजरेसमोर राहू द्या. स्वच्छतेत कसूर करू नका. कुणी संशय घेतो म्हणून नव्हे. रिकाम्या पोटी आलेला माणूस आपल्या हातचा पहिला घास खातो, ती अमानत आहे.

गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले. आयुष्यभर हातात झाडू आणि भुकेल्याला अन्न, हे दोन त्यांचे धडे. हॉटेलवाल्याला यापेक्षा जास्त धर्म लागत नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

परवा कलमांची चौकशी करायला गेलो तेव्हा उशीर झाला होता, साडेअकरा वाजून गेले होते. पोहे संपले होते. चाचा म्हणाले, "बसा, पाच मिन्टं. नवे टाकतो." त्यांनी कढई पुसली, तेल ओतलं, मोहरी टाकली, कांदा टाकला. मी बाकावर बसून सगळं पाहत होतो. बाजूला दोन तोडणीवाले बसले होते, पहाटे चारला निघालेले. त्यांच्याही पोटात तोवर काही नव्हतं. बशा आल्या तेव्हा आम्ही तिघांनी एकदमच लिंबू पिळलं.